खिडकीबाहेरची पट्टी: ग्रॅनाइट, कडप्पा, सिमेंट की थर्माकोल? गिलाव्याआधी ठरवायच्या गोष्टी

घराचा स्लॅब पडून महिना झालेला असतो, वीटकाम उरकलेलं असतं, आता गिलावा सुरू व्हायचा असतो. नेमक्या याच वेळी घरमालकाच्या मोबाइलवर पाहुण्यारावळ्यांच्या बंगल्यांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या खिडकीला काळ्या ग्रॅनाइटची चौकट, कुणाच्या खिडकीवर कमान आणि नक्षी, कुणाकडे पांढरे उभे पट्टे. घरातले म्हणतात, आपल्यालाही असंच करू. गवंडी म्हणतो, करू, त्यात काय अवघड आहे. आणि दोन पावसाळ्यांनी त्याच खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून आत ओल उतरते. पुट्टीचे पापुद्रे निघतात, शेजारचा लाइटचा बोर्ड हात लावला की झटका देतो, खाली थप्पी लावलेल्या धान्याच्या पोत्यांना बुरशी धरते.

खिडकीभोवतीची पट्टी दिसायला असते हे खरं, पण तिचं पहिलं काम पाणी भिंतीपासून लांब टाकण्याचं आहे. भिंत आणि खिडकीची चौकट जिथं भेटते ती फट म्हणजे सगळ्या भिंतीतली सर्वांत कच्ची जागा. पट्टी नीट बसली तर ही फट झाकली जाते. चुकीची बसली तर तीच पट्टी पाणी अडवून फटीत ढकलते. त्यामुळं कोणता माल घ्यायचा हे ठरवताना आधी पाण्याचा विचार, मग रंगाचा आणि नक्षीचा.

पाणी येतं कुठून

मृगानंतरचा पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळं पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना जास्त मार बसतो. पण एप्रिल-मेचा वळीव कुठूनही झोडपतो आणि परतीचा पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून चढून येतो. म्हणजे चारही बाजूंच्या खिडक्यांचा विचार करावा लागतो, पश्चिमेच्या खिडक्यांचा जरा जास्तच.

जुन्या वाड्यांना आणि पांढऱ्या मातीच्या घरांना हा त्रास कमी होता. भिंती दोन-दोन हात जाड, खिडकी भिंतीच्या पोटात आत घेतलेली, बऱ्याच ठिकाणी वर वळचण. पाऊस खिडकीपर्यंत फारसा पोचतच नव्हता. आता बाहेरची भिंत 9 इंचाची, कुठं कुठं 6 इंचाची, आणि सरकती खिडकी जवळपास भिंतीच्या तोंडाशी. त्यात इलेव्हेशन छान दिसावं म्हणून छज्जाही काढून टाकायची टूम निघाली आहे. छज्जा नसेल तर सगळा पाऊस पट्टीवर आणि काचेवर येतो. दीड फुटाचा साधा छज्जा खिडकीचं जेवढं भलं करतो तेवढं कुठलीही महागडी पट्टी करत नाही. ज्यांचं लिंटलचं काम अजून व्हायचं आहे त्यांनी छज्जा सोडू नये. नक्षीचे पैसे नंतरही घालता येतात, छज्जा नंतर काढायला गेलं की तोडफोड आली.

खालची पट्टी सर्वांत महत्त्वाची

चार बाजूंपैकी खिडकीच्या खालची पट्टी, म्हणजे सिल, ही खरी कामाची. काचेवरून, चौकटीवरून ओघळलेलं सगळं पाणी तिच्यावर येतं. बाकीच्या तीन बाजूंना साधा गिलावा ठेवला तरी चालेल, पण सिलला अखंड दगड घालावा. दोन तुकडे जोडले तर जोड मधोमध येतो आणि पाणी तिथंच मुरतं.

सिल बसवताना तीन गोष्टी उभं राहून करून घ्याव्यात. पहिली, उतार बाहेरच्या बाजूला हवा. 6 इंच रुंदीच्या दगडाला पाऊण सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर उतार पुरे. लेव्हल पाइप लावून एकदम सपाट बसवलेला दगड दिसायला चोख दिसतो, पण खिडकीसाठी तो चुकीचा. दुसरी, दगड गिलाव्याच्या बाहेर 4 ते 5 सेंटिमीटर निघालेला हवा. भिंतीला समान कापून बसवलेल्या सिलवरून पाणी थेट भिंतीवर ओघळतं आणि प्रत्येक खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काळ्या मिशा उमटतात. गावातल्या कुठल्याही दहा वर्षं जुन्या घराकडं बघितलं की या मिशा दिसतात.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. सिलच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून साधारण 2 सेंटिमीटर आत, लांबीभर एक खाच मारून घ्यायची. रुंदी एक सेंटिमीटर, खोली 6 ते 8 मिलिमीटर. पाणी दगडाच्या खालून चिकटून भिंतीकडं सरकत असतं, ते या खाचेपाशी तुटतं आणि पागोळीसारखं खाली पडतं. फरशीवाल्याकडं कटर असतोच, बसवायच्या आधी सांगितलं तर काही मिनिटांचं काम. बसवून झाल्यावर सांगितलं तर तो हात जोडतो. हीच खाच छज्जाच्या खालच्या अंगालाही लागते, ती सेंटरिंग करताना पट्टी ठेवून सोडावी.

दगडाची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत इंचभर घुसलेली असावीत. टोक भिंतीला नुसतं टेकवलं तर पाणी त्या कोपऱ्यातूनच आत जातं.

ग्रॅनाइट

खेड्यापाड्यांत सध्या सर्वांत जास्त चालतं ते हेच. त्याला कारणही आहे. चांगला ग्रॅनाइट पाणी फारच कमी पितो, उन्हानं त्याचा रंग सहसा उतरत नाही, पॉलिश वर्षानुवर्षं टिकतं. सरकत्या खिडकीला चारी बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट करून त्यावर ॲल्युमिनियमचा ट्रॅक बसवायची पद्धत म्हणूनच रुळली. चौकट झाली की बाहेरची पट्टी त्याच दगडात घेता येते आणि भिंत-चौकटीची फट दगडाखाली झाकली जाते.

बाजारात मिळणाऱ्या लादीची जाडी बहुतेक 16 ते 18 मिलिमीटर असते. 18 मिलिमीटरच्या दगडाचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतं. खिडकी 4 बाय 4 फुटांची आणि पट्टी 4 इंचाची धरली तर एका खिडकीभोवती 26 किलो दगड लटकतो. खालचा दगड सिलवर बसलेला असतो, बाजूच्या पट्ट्या सिलवर टेकतात. वरची पट्टी मात्र फक्त सिमेंटच्या पकडीवर असते, आणि तिच्याखाली उन्हाळ्यात पोरं खेळत असतात, म्हातारी माणसं सावलीला बसलेली असतात. वरच्या पट्टीला दगड घालायचाच असेल तर तिच्या कडेला भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा पिन किंवा क्लिप भिंतीत घालून घ्यावी. फरशीवाला याला टाळाटाळ करत असेल तर वरची बाजू सिमेंटच्या पट्ट्यात काढावी आणि बाकी तीन बाजू दगडात. रंग जुळवला तर लांबून फरक कळत नाही.

काळा ग्रॅनाइट घेताना एक तपासणी करावी. हलक्या, करड्या दगडाला काळा रंग पाजून विकायचे प्रकार होतात. पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन दगडावर जोरात घासावं, फडकं काळं झालं तर माल परत. असा दगड उन्हात दोन-तीन वर्षांत ठिकठिकाणी करडा पडतो.

फिकट रंगाचा ग्रॅनाइट साध्या सिमेंटवर बसवला तर खालची ओल वर डागासारखी दिसते. तिथं पांढऱ्या रंगाचं टाइल ॲढेसिव्ह वापरलेलं बरं.

कडप्पा आणि शहाबादी

दोन्ही चुनखडीचे दगड, दोन्ही आपल्याला ओळखीचे. एकाचं नाव आंध्र प्रदेशातल्या कडप्पावरून, दुसऱ्याचं कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून पडलेलं. ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त. ओटा, पायरी, धान्याचं कपाट यासाठी कडप्पा चांगलाच. पण बाहेर ऊन-पावसात त्याचं काळं पॉलिश उतरतं आणि तो राखाडी, मळकट दिसायला लागतो. दगडात पापुद्रे असतील तर कडेनं सुटतात. ग्रॅनाइट म्हणून कडप्पा गळ्यात मारला जातोय अशी शंका आली तर तुकड्यावर लिंबू पिळून तासभर ठेवावं. कडप्प्यावर फिका डाग उरतो, ग्रॅनाइटवर सहसा काही होत नाही. बजेट तंग असेल तर कडप्प्याची सिल घालायला हरकत नाही, काळेपणा जाईल पण पाण्याचं काम होईल.

सिमेंटचा पट्टा

याला सध्या कुणी विचारत नाही, पण सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त टिकणारं काम हेच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे दोन-तीन खिडक्यांचं घर. तिथं ग्रॅनाइटच्या मागं लागण्यापेक्षा हा पट्टा आणि दगडी सिल एवढंच करावं, उरलेले पैसे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लावावेत.

पट्टा म्हणजे खिडकीभोवती 4 ते 6 इंच रुंदीचा, भिंतीच्या पातळीपासून 15-20 मिलिमीटर वर उचललेला गिलावा. काम असं चालतं. भिंतीचा पहिला हात मारून तो खरवडून खडबडीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सरळ फळ्या ठोकून मधे एकास चारचा माल भरायचा. 20 मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी एका दमात भरली की माल खाली सरकतो किंवा मागून पोकळ राहतो, पुढं ठोकून बघितलं की भदभद वाजतो. जाड पट्टा हवा असेल तर दोन थरांत करावा आणि मधे जाळी घालावी. लिंटलचं काँक्रीट आणि वीट जिथं मिळतात त्या सांध्यावर कोंबडीजाळी मारल्याशिवाय गिलावा करूच नये. उन्हानं काँक्रीट आणि वीट सारखी फुगत-आकसत नाहीत, आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली तिरकी चीर बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

वरच्या पट्ट्याची वरची कड सपाट सोडू नये. 20 मिलिमीटरची ती छोटीशी पायरी असते, तिच्यावर धूळ बसते, पाणी थांबतं, शेवाळ धरतं. थापी तिरकी फिरवून तिला बाहेर उतार दिला की काम झालं. पट्टा आणि भिंत यांच्यामधे बोटभर ग्रूव्ह सोडला तर दिसायलाही उठाव येतो आणि दोन रंगांची रेघ सरळ मारता येते.

यात एकच गोष्ट माणसं चुकवतात, ती म्हणजे पाणी मारणं. पट्टा पातळ असतो, लवकर वाळतो. किमान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी, उन्हाळ्यात ओलं गोणपाट टांगून. गवंडी दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेलेला असतो, हे काम घरच्यांनाच करावं लागतं. बोअरचं पाणी फार खारं असेल तर गिलाव्यावर पांढरा लोणा फुटतो आणि रंग धरत नाही. अशा गावांत शक्य तर विहिरीचं किंवा टँकरचं गोडं पाणी निदान बाहेरच्या गिलाव्याला वापरावं.

थर्माकोलची नक्षी

हॉटेलवर, मंगल कार्यालयावर आणि आता बंगल्यांवर खिडकीभोवती जी जाडजूड पांढरी नक्षी दिसते ती बरेचदा दगड नसतो, सिमेंटही नसतं. आत थर्माकोल असतो, वरून सिमेंट आणि पॉलिमरचा थर, त्या थरात फायबरची जाळी. वजनाला हलकं, भिंतीवर भार नाही, बसवायला पटकन. नक्षी हवी तशी मिळते. घाईघाईनं याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, नीट बनवलेला आणि नीट बसवलेला माल टिकतो.

अडचण आपल्याकडची अशी की माल शहरातून येतो आणि बसवणारा गावातला असतो. कोपऱ्यावर 45 अंशात कापलं की आतला पांढरा थर्माकोल उघडा पडतो. ते कापलेलं तोंड परत जाळी आणि थर देऊन बंद करावं लागतं. बरेच जण नुसतं पुट्टीनं लिंपतात. एका पावसाळ्यात पुट्टी निघते, मग मुंग्या, खारी, चिमण्या आत घर करतात. उघडा थर्माकोल उन्हानं पिवळा पडून भुगा होतो. थिनर, पेट्रोल यांनी तो विरघळतो, म्हणून त्यावर थिनरवाला ऑइलपेंट किंवा प्रायमर मारू नये, पाण्याचाच रंग वापरावा.

ज्या गावात वानरांच्या टोळ्या येतात तिथं खिडकीवर बाहेर आलेली थर्माकोलची पट्टी म्हणजे त्यांना बसायला पाट. दोन उड्यांत तुकडा खाली. शिडी टेकवली तरी खड्डा पडतो. आणि थर्माकोल पेटतो. चुलीच्या धुराड्याजवळची खिडकी, स्वयंपाकघराची खिडकी, कडब्याची गंजी किंवा जळण रचलेली बाजू इथं तो लावूच नये. सिलला तर कुठंच नाही.

माल घेताना तुकडा हातात घेऊन नखानं दाबावा. नख रुतलं तर वरचा थर नावापुरताच आहे. कापलेल्या तोंडाकडं बघितलं की जाळी आहे की नाही ते दिसतं.

नक्षीच हवी आणि पैसा असेल तर जीआरसी हा दुसरा मार्ग, म्हणजे काचेचे तंतू मिसळलेल्या सिमेंटचे ओतीव भाग. मजबूत असतात, पण जड असतात, बोल्ट मारूनच बसवावे लागतात.

पीओपी मात्र बाहेर कधीच नाही. गावाकडं छताचं पीओपी करणारा कारागीर खिडकीबाहेरही तीच नक्षी करून देतो म्हणतो, स्वस्तात देतो. पीओपी म्हणजे जिप्सम, ते पाण्यात थोडं थोडं विरघळत जातं. वरून कितीही रंग मारला तरी पाऊस आपला रस्ता शोधतोच.

टाइल, लाकूड आणि बाकीचं

खिडकीभोवती टाइलची पट्टी लावायची तर न्हाणीघराच्या भिंतीची टाइल बाहेर नेऊ नये. ती आपल्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याच्या आतच पिते, म्हणून बाहेर तीच. पण ती पाणी पीत नाही म्हणूनच साधं सिमेंट तिला धरत नाही, मागून सुटून येते. तिला टाइल ॲढेसिव्हच लागतं. पोत्यावर आय.एस. 15477 हा आकडा आणि बाहेरच्या भिंतीसाठी चालतं असं लिहिलेलं बघून घ्यावं. दगडी चिपांच्या क्लॅडिंगला हाच नियम.

सागवान सुंदर, पण वाड्यातलं सागवान वळचणीखाली होतं हे विसरू नये. उघड्या भिंतीवरच्या लाकडाला वर्ष-दोन वर्षांनी तेल किंवा पॉलिश द्यावं लागतं, आणि वाळवीवर लक्ष ठेवावं लागतं. ते होणार नसेल तर लाकडाच्या रंगाची टाइल लावलेली परवडते.

ॲल्युमिनियमच्या आणि पीव्हीसीच्या पट्ट्या उन्हानं लांबतात. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर 4 फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी पाऊण ते एक मिलिमीटर वाढते, पीव्हीसीची दोन-अडीच मिलिमीटर. टोकाला जागा न सोडता घट्ट बसवली की मे महिन्यात मधेच फुगा येतो.

मोजमाप

दुकानदार रनिंग फुटाचा भाव सांगतो, फरशीवाला चौरस फुटाचा हिशेब करतो, आणि घरमालकाचा गोंधळ होतो. वर धरलेल्या 4 बाय 4 च्या खिडकीला 4 इंचाची पट्टी लावायची तर वरची आणि खालची प्रत्येकी 4 फूट 8 इंच, बाजूच्या दोन 4-4 फूट, असे 17 फूट 4 इंच होतात. चौरस फुटात ते पावणेसहाच्या आसपास. कापाकापीला 10 टक्के धरले तर खिडकीमागं साडेसहा चौरस फूट मागवावेत. सिल रुंद असते, तिचा हिशेब वेगळा करावा. कडेला अर्धगोल मोल्डिंग मारायची मजुरी बहुतेक रनिंग फुटावर वेगळी लागते, भाव ठरवतानाच विचारून घ्यावी. नंतर त्यावरूनच वाद होतात.

सिलिकॉन आणि भोकं

पट्टी बसल्यावर चौकटीच्या कडेनं सिलिकॉन भरतात. ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ती काचेसाठी ठीक, पण सिमेंट आणि कडप्प्यासारख्या दगडावर ती नीट धरत नाही, डागही पाडते. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागावं. भरायच्या आधी धूळ पुसून जागा कोरडी हवी.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं छोटी भोकं असतात. ट्रॅकमधे साचलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. पट्टी बसवताना किंवा सिलिकॉन ओढताना ती बुजवली जातात आणि पहिल्याच पावसात ट्रॅक भरून पाणी घरात सांडतं. मग दोष खिडकीवाल्यावर येतो, तो गवंड्याकडं बोट दाखवतो. काम संपल्यावर एक तांब्याभर पाणी ट्रॅकमधे ओतून ते बाहेर निघतंय का ते बघावं.

जुन्या घराला पट्टी लावताना

आधीच ओल येत असलेल्या खिडकीवर नुसती नवी पट्टी चढवणं म्हणजे जखमेवर पट्टी बांधून आत पू ठेवणं. लोखंडी गज भिंतीत गंजले असतील तर गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि गिलावा फोडतो. त्यावर दगड लावला तर तोही उचलला जातो. आधी फुगलेला गिलावा काढून, गज घासून, रेड ऑक्साइड मारून मग पुढचं.

ओल नेमकी कुठून येते हे कळायला साधी पाइपची चाचणी करावी. एक जण आत टॉर्च घेऊन उभा, दुसरा बाहेर पाइप घेऊन. धार हळू ठेवायची आणि खालून सुरुवात करायची. आधी दहा-पंधरा मिनिटं फक्त सिलच्या खाली, मग सिलवर, मग बाजूच्या पट्टीवर, शेवटी वरच्या पट्टीवर आणि छज्जाच्या सांध्यावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडंच ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत जेव्हा पहिल्यांदा ओल दिसेल, तेव्हा बाहेर पाइप जिथं आहे त्याच्या आसपासच फट आहे. नव्या घरात हीच चाचणी आतली पुट्टी लागायच्या आधी आणि गवंड्याचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी करून घ्यावी.